दोघं आत, एक बाहेर

टेलरबाई भित्र्या होत्या. थोड्याथोडक्या नाहीत, चांगल्या नावाजलेल्या भित्र्या. मोरीत बेडूक दिसला की त्यांची अंघोळ उद्यावर जायची. भिंतीवर पाल चुकचुकली की हातातली कात्री खाली ठेवून त्या खोली बदलायच्या. आणि अशा बाईच्या पदरात नवरा कसला पडावा? तर सुट्टी मिळाली रे मिळाली की साप, सरडे, बेडूक, साळिंदर असल्यांच्या मागे कॅमेरा घेऊन पोटावर सरपटणारा. देव जोड्या जुळवतो म्हणतात. ही जुळवताना त्याला बहुतेक डुलकी लागली असावी.

नवरा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासायचा आणि स्वतःही जाडजूड चष्मा लावायचा, म्हणून गल्ली त्याला चष्मिस म्हणायची. आपणही तेच म्हणू, त्याला राग येत नाही. बाईंचं शिवणकाम घराच्या पुढच्या खोलीत चालायचं. खिडकीशी मशीन, शेजारी इस्त्रीचं टेबल, पायाखाली चिंध्या आणि समोरच्या भिंतीवर चष्मिसने काढलेले फोटो. माप द्यायला आलेल्या बायका हात वर करून उभ्या राहायच्या, आणि समोरून एक भलामोठा बेडूक त्यांच्याकडे असा रागाने बघायचा, की जणू त्याचंच कापड कमी भरलंय. सासूबाईंनी आपली खुर्ची केव्हाच भिंतीकडे पाठ करून ठेवली होती. आमच्या मुलाने माणसांच्या लग्नातले फोटो काढले असते तर घराचं भलं झालं असतं, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या. मुलगा घरात नसला की मात्र त्याच फोटोंवरची धूळ स्वतःच्या हाताने पुसायच्या.

नवं लग्न झालेलं असताना चष्मिस बाईंना गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत घेऊन गेला. नुसती सोबत ये, सावलीत बसून डबा खाऊ, असं म्हणाला होता. डबा राहिला बाजूला. दोन दगडांच्या फटीत एक जाडजूड विषारी साप वेटोळं घालून बसला होता, आणि हा पठ्ठ्या त्याच्यासमोर आडवा झाला. बाई लांब उभ्या, पाचावर धारण बसलेली. चष्मिसने कॅमेऱ्याला डोळा लावला आणि तो बोटभर पुढे सरकला. मग अजून बोटभर. मग अजून. सापाने मान मागे खेचली तरी हा पुढेच. बाईंची बोबडी वळली होती, हाक मारायला आवाज फुटेना. शेवटी त्या धावल्या आणि मागून त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं. शर्टाची दोन बटणं तुटली.

चष्मिस भडकला. चांगला फोटो गेला म्हणाला. मग त्याने धुळीत उमटलेल्या स्वतःच्या कोपराच्या खुणेकडे पाहिलं, तिथून सापापर्यंतचं अंतर पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. कॅमेऱ्याला डोळा लागला की अंतर कळत नाही, असं त्याने नंतर पाणी पिता पिता कबूल केलं. आतून बघताना साप लांबच वाटतो.

बाईंनी घरी आल्यावर त्याच्या रानात घालायच्या सगळ्या शर्टांना मानेच्या मागे दुहेरी शिलाईचा भक्कम पट्टा शिवला, ओढायला. आणि त्यानंतर त्याला एकट्याला कधी जाऊ दिलं नाही. लोकांना वाटलं, बाईंनाही आवड लागली. कसली आवड नि कसलं काय! घरी बसून घाबरण्यापेक्षा समोर उभं राहून घाबरलेलं बरं, एवढंच त्यांचं म्हणणं. चिखलात उभं राहून त्यांनी कॅमेऱ्याच्या दिव्यावर छत्री धरली. सरड्याला ऊन कमी पडलं तर आरसा धरला. एकदा तर डबक्याकाठी एक बेडूक उडी मारून थेट त्यांच्या पायावर बसला, आणि चष्मिस कुजबुजला की हलू नकोस, सुंदर दिसतोय. बाई हलल्या नाहीत. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण पाय दगडासारखा. तो फोटो पुढे खूप लोकांना आवडला. त्यात बेडकाखाली जो अंगठा दिसतो तो बाईंचा.

साप आणि बेडूक परवडले, कारण तिथे बाई नवऱ्याच्या मागे दोन हातांच्या अंतरावर उभ्या असायच्या. खरी पंचाईत झाली ती चष्मिसला पाणमांजरांचं वेड लागल्यावर. पाणमांजर महाहुशार. माणसाचा वास आला, सावली हलली, की बुडी मारून पसार. त्यासाठी लपण लागतं. लपण म्हणजे मातकट कापडाची छोटीशी राहुटी. ती नदीकाठी आधीच ठोकून ठेवायची, प्राण्यांना तिची सवय होऊ द्यायची, आणि मग एक दिवस गुपचूप आत जाऊन बसायचं. ही राहुटी बाईंनीच शिवली होती. समोर कॅमेऱ्याच्या नळीसाठी भोक, दोन्ही बाजूंना बघायला जाळीच्या फटी, मागे आत शिरायला लांब चेन.

पण गुपचूप जायचं तरी कसं? पाणमांजरं लांबून बघतच असतात. त्यावर या लोकांची एक जुनी युक्ती आहे. प्राण्यांना मोजता येत नाही. म्हणून लपणात दोघांनी उघडउघड चालत जायचं, आणि थोड्या वेळाने एकाने तसंच उघडउघड बाहेर पडून निघून जायचं. बघणाऱ्या प्राण्याला वाटतं, माणूस आला आणि गेला, लपण रिकामं झालं. संपवतानाही तसंच. आतल्याने आपणहून बाहेर यायचं नाही. बाहेरच्याने परत यायचं, सरळ, लांबून दिसेल असं. माणूस येताना बघून प्राणी आपलेआप निघून जातो, मग आतल्याने चेन उघडायची. म्हणजे त्या कापडात माणूस दडलेला होता हे प्राण्याला कधी कळतच नाही. मोबाईलही बाहेर जाणाऱ्याकडे द्यायचा, कारण एकदा आत तो नुसता थरथरला आणि अख्खी सकाळ वाया गेली होती.

तर आत राहणारा चष्मिस आणि जाणाऱ्या-येणाऱ्या बाई. त्यांना हे काम सगळ्यांत नकोसं वाटायचं. इथे कॉलर धरता यायची नाही. नवऱ्याला कापडात ठेवून पाठ फिरवायची आणि चालायला लागायचं.

त्या दिवशीही दोघं पहाटे गेले. नदी तिथे वळण घेते, एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला वाळूचा पट्टा, आणि पाण्याला लागून एक सपाट खडक. पाणमांजरं अंग सुकवायला तिथे यायची. महिनोन्‌महिने वाट पाहून चष्मिसला आता खात्री झाली होती की आज पिल्लं बाहेर येणार. दोघं लपणात शिरले. बाईंनी पाण्याची बाटली त्याच्या उजव्या हाताला ठेवली, तिपाई सरळ केली. दुपारी ये, तो म्हणाला. नेहमीसारखं, सरळ, दिसत ये. बाईंनी चेन लावली आणि मागे न बघता निघाल्या, कारण मागे बघायचं नाही हाही नियमच.

जंगलाच्या तोंडाशी वनखात्याची चौकी होती. तिथल्या बाकावर बसून बाई हातशिलाई करत वाट बघायच्या. रखवालदारकाका ओळखीचे झाले होते. त्यांनी चहा दिला आणि सहज विचारलं, आज कशाचे फोटो? पाणमांजरांचे, असं बाईंनी सांगितल्यावर काका म्हणाले, "मग ठीक. मला वाटलं अस्वलासाठी बसलेत."

बाईंनी कप खाली ठेवला. कुठलं अस्वल? तर म्हणे दोन पिल्लं असलेली मादी, चार दिवसांपासून नदीच्या अंगाने फिरतेय, वारुळं उकरलेली दिसली. तुम्हाला कुणी बोललं नाही का? कुणी बोललं नव्हतं. काकांनी बाईंचा चेहरा पाहिला आणि घाईघाईने सावरलं, की ती बहुतेक पलीकडच्या काठाला असेल, अस्वल कशाला उगाच उघड्या वाळूत येतंय.

आता सांगा, अशा वेळी माणसाने काय करावं? उठावं आणि धावत सुटावं? धावल्या असत्या तर पाणमांजरं बुडी मारून गेली असती, चष्मिसची इतक्या महिन्यांची मेहनत पाण्यात गेली असती, आणि अस्वल तर पलीकडच्या काठाला! मग घरी सासूबाईंपासून गल्लीपर्यंत सगळ्यांनी म्हटलं असतं, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. बाई उठल्या, बसल्या, परत उठल्या. पिशवीतला नवऱ्याचा मोबाईल काढून बघितला, जसा काही तोच त्यांना सांगणार होता. सुई बोटात घुसली. काका म्हणाले, मी येतो सोबत. आणि आयुष्यभर भित्री म्हणून घेतलेल्या या बाईला नेमकी तेव्हाच लाज वाटली. नको नको, तुम्ही कुठे चौकी सोडून येता, असं म्हणून त्या दुपार झाल्यावर एकट्याच निघाल्या.

वाटेत त्यांनी स्वतःला बरंच समजावलं. आजवर काही झालं नाही, आज तरी का होईल. वारुळं काय खवलेमांजरसुद्धा उकरतं. वळणाच्या अलीकडे त्यांना नदीचा आवाज आला, आणि पाणमांजरांची शीळ ऐकू येईना. ती नेहमी ऐकू यायची. तरी त्या वळल्या.

लपण जागच्या जागी होतं. आणि अस्वल त्याला टेकून बसलं होतं.

टेकून म्हणजे अगदी टेकून, दुपारच्या उन्हात सावलीला बसावं तसं. त्याच्या वजनाने कापड आत दबलं होतं. दोन पिल्लांतलं एक लपणाची दोरी दातात धरून ओढत होतं, आणि प्रत्येक ओढीला राहुटी थरथरत होती. दुसरं पिल्लू मागच्या चेनीपाशी नाक लावून हुंगत होतं. आतून काहीही नाही. ना आवाज, ना हालचाल. माणूस जिवंत आहे की नाही हेसुद्धा कळायला मार्ग नाही.

पण खरी भीतीची गोष्ट पुढेच आहे. त्यांचे पाय थांबले नाहीत. सरळ ये, दिसत ये. इतक्या वेळा ही वाट चालून पायांना नियमच पाठ झाला होता, आणि बाई डोळ्यांनी अस्वल बघत असताना पाय त्यांना त्याच्याकडेच घेऊन चालले होते. अस्वलाने नाक वर केलं. तेव्हा कुठे त्या थांबल्या.

उघड्या वाळूत उभं राहून त्यांच्या डोक्यात एकाच वेळी सगळं आलं. पुढे गेलं तर पिल्लंवाली मादी अंगावर येणार. ओरडलं तर पिल्लं बिथरून आईकडे पळणार, आई उसळणार, आणि तिच्या पंजाला सगळ्यांत जवळ काय आहे? ते कापड. हरणाला नि पाणमांजराला माणूस दिसला की ते निघून जातात. हे निघून जाणाऱ्यातलं नव्हतं. नियम इथे चालणार नव्हता, आणि दुसरा नियम कुणी शिकवला नव्हता.

अस्वल उठून उभं राहिलं. मागच्या दोन पायांवर, नाक वाऱ्यावर धरून.

बाईंनी पाठ फिरवली. आधी सावकाश चालल्या, मानेवरचे केस ताठ झालेले, आता मागून धप्‌धप्‌ येईल, आता येईल. वळण ओलांडलं आणि मग जी धूम ठोकली ती चौकीपर्यंत. चपला कुठे गेल्या ते कळलं नाही. कानात एकच वाक्य घुमत होतं, आणि ते त्यांच्याच आवाजात होतं. सोडून आलीस. त्याला तिथे सोडून आलीस.

काकांनी एक रिकामा पत्र्याचा डबा आणि काठी घेतली, बाईंना दुसरा डबा दिला. लांबूनच, थांबत थांबत वाजवायचं, म्हणजे तिला पिल्लं घेऊन निघून जायला वेळ मिळतो, असं त्यांनी बजावलं. बाईंना थांबत थांबत जमत नव्हतं. हात इतके कापत होते की डबा आपोआपच वाजत होता. वळणापाशी काकांनी त्यांना मागे राहायला सांगितलं. त्या ऐकतील तर ना.

वाळूवर अस्वल नव्हतं. लपण आडवं झालं होतं. एक दोरी तुटलेली, कापड गोळा होऊन पडलेलं, आणि त्या ढिगाऱ्यात काही हलत नव्हतं.

इतका वेळ ज्याच्यासाठी धावल्या ते समोर होतं आणि हात लावायची हिंमत होईना. काका पुढे होऊ लागले तशा त्या एकदम ओरडल्या की थांबा, मी बघते. गुडघ्यांवर बसून त्यांनी चेन शोधली. चेन सरकेना. कुणीतरी आतून धरून ठेवल्यासारखी अडकली होती. बाईंनी शेवटी आपलीच शिलाई दोन्ही हातांनी टराटरा फाडली.

आत चष्मिस गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडला होता. चष्मा नाकावरून घसरलेला, ओठ पांढरे, डोळे उघडे. जिवंत. उजव्या मुठीत चेनीची खिटी होती आणि ती मूठ सुटत नव्हती. त्याची इच्छा असूनही सुटत नव्हती. बाईंनी एक एक बोट उलगडून ती सोडवली.

त्याने चष्मा नाकावर सरळ केला. मग म्हणाला, "तू वळलीस ते मी पाहिलं."

बाईंना वाळूने गिळून टाकावं असं झालं. म्हणजे त्याने पाहिलं. जाळीच्या फटीतून, त्या आल्या, थांबल्या आणि त्याला टाकून निघून गेल्या, सगळं पाहिलं.

पुढचे काही दिवस त्या खाली मान घालून मशीन चालवत राहिल्या. चष्मिस दुकानात, गल्लीत सगळ्यांना गोष्ट सांगायचा, कोपराला अस्वलाच्या पाठीची ऊब कशी लागत होती ते सांगायचा, पण ती आली आणि गेली एवढा भाग गाळायचा. त्या गाळण्यानेच बाईंना जास्त टोचायचं. सगळे विचारायचे, फोटो दाखव की. तो म्हणायचा, बॅटरी संपली होती. बाई ऐकायच्या आणि त्यांच्या मनात आणखी एक भीती शिरायची, कारण आदल्या संध्याकाळी बॅटरी त्यांनी स्वतः भरून ठेवली होती. हा खोटं का बोलतोय? मी समोरून अस्वलाच्या तोंडी चालले होते तेव्हा हा आत फोटो काढत बसला होता की काय? त्यात मीही आहे की काय, पाठमोरी, पळताना? एकीकडे स्वतःची लाज, दुसरीकडे हा संशय. कशालाच तोंड फोडवेना.

रविवारी सासूबाई शेजारी गेल्या होत्या. चष्मिस कॉम्प्युटरवर त्या दिवसाचे फोटो बघत बसला होता. बाई शिवण सोडून त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. बघायचंच एकदा, जे असेल ते. पडद्यावर पाणमांजरं येत गेली. खडकावर लोळणारी, मासा ओढणारी, आणि पिल्लं, खरंच पिल्लं. शेवटच्या फोटोत सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळलेल्या होत्या, पाण्यात उडी मारायच्या बेतात. त्यापुढे काही नव्हतं.

"अस्वलाचा एकही नाही?"

"नाही."

"बॅटरी भरलेली होती. मीच भरली होती. इतका वेळ शेजारी बसलं होतं आणि तुम्ही एकही काढला नाहीत?"

चष्मिसने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. परत लावला नाही.

"दुपार झाली होती," तो म्हणाला. "तू नियमाने येणार हे मला माहीत होतं. सरळ, दिसत. मीच शिकवलं होतं ना. कॅमेरा धरायला चेन सोडावी लागली असती."

बाईंना अर्थ लागेना.

"तू आलीस आणि थांबेचनास. अजून दोन पावलं आली असतीस तर मी चेन उघडून ओरडत बाहेर पडणार होतो. म्हणजे ते माझ्याकडे वळलं असतं. आणि मग तू पाठ फिरवलीस. अगं, तुझी पाठ दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. ही आता येत नाही म्हटलं. मग माझं काय व्हायचं ते होऊ दे."

बाई उभ्या होत्या त्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. एवढे दिवस दाबून ठेवलेलं रडू आता आलं, आणि त्याबरोबर संतापही आला. तुम्हाला अक्कल आहे का, असं त्या म्हणाल्या. बाहेर पडणार होते म्हणे! आणि हे आत्ता सांगताय? चष्म्याशिवाय त्याचे डोळे बारीक आणि भेदरलेले दिसत होते, आणि बाईंच्या पहिल्यांदाच लक्षात आलं की हा माणूसही भितो. त्यांनी त्याचा उजवा हात ओढून मांडीवर घेतला. तळव्यावर चेनीच्या दातांचे वळ अजून तसेच होते.